भिंतीवरचा उन्हाळा

कागदकाम म्हटले की आपल्यापुढे दोनच गोष्टी उभ्या राहतात : गणपतीचे मखर आणि स्नेहसंमेलनाच्या पताका. ती दोन्ही कामे आटोपली की कात्री आणि डिंकाची बाटली पुढच्या वर्षापर्यंत कपाटात जाते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे कागदकाम हा गंभीरपणे विचार करण्याचा विषय आहे, आणि त्यातही उन्हाळ्यातले कागदकाम पावसाळ्यातल्याहून वेगळे असते, असे मी एकदा वर्गात बोलून गेले, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "परीक्षेला किती गुणांना आहे?" गुणांचे मला ठाऊक नाही. पण ज्यांच्या घरात तीन वर्षांचे भाचरू आहे, किंवा ज्या मैत्रिणी पदवीनंतर बालवाडीची नोकरी धरायच्या विचारात आहेत, त्यांना या मजकुराचा थोडाफार उपयोग व्हावा.

माझी मावशी दौंड तालुक्यात भीमेकाठच्या एका गावी अंगणवाडी सेविका आहे. आम्ही शिरूरचे, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी घोडनदीचे. न्हावरा, चौफुला करीत एस.टी.ने तिच्याकडे जायचे. गेली दोन वर्षे फेब्रुवारी सरू लागला की सवड मिळेल तेव्हा मी तिच्या अंगणवाडीत जाऊन बसते. शिरूरला आमच्या घराजवळ एक खाजगी बालवर्ग आहे, तिथेही माझे येणे-जाणे आहे. घोड नदी पुढे जाऊन भीमेलाच मिळते, तेव्हा दोन्हीकडचा उन्हाळा एकच. पण दोन्हीकडच्या भिंती मात्र एक नाहीत. या लेखाचे मूळ त्या फरकात आहे.

बालवर्गाच्या भिंतीवर मार्च महिन्यात 'उन्हाळा' लागतो. लागतो म्हणजे अक्षरशः चिकटवला जातो. काळा चष्मा घातलेला हसरा सूर्य, निळ्या कागदाचा समुद्र, वाळूचा किल्ला, पट्ट्यापट्ट्यांची मोठी छत्री, आणि शंकूत बसवलेले तीन रंगांचे आइस्क्रीम. काम मोठे नीटस असते, यात शंका नाही. बाई रात्री जागून कापतात, घोटीव कागद वापरतात, कडा कुठे फाटत नाहीत. पण त्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. पूर्व पुणे जिल्ह्यातले आपण अवर्षणप्रवण पट्ट्यातले लोक. आपला उन्हाळा म्हणजे चाळीस अंशांच्या आसपास तापलेली दुपार, डोक्याला उपरणे, दारात माठ आणि रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. आपल्याकडचा सूर्य चष्मा घालत नाही, तो आपल्याला घालायला लावतो !

समुद्र दाखवूच नये असे माझे म्हणणे नाही. न पाहिलेले दाखवणे हेही शिक्षणच आहे. माझे म्हणणे एवढेच, की तीन वर्षांचे मूल अक्षर वाचीत नाही, ते भिंत वाचते. भिंतीवर जे असते ते 'शाळेतले', म्हणजे महत्त्वाचे आणि खरे, असे त्याला वाटते. त्या भिंतीवर त्याच्या घरातले, गावातले, त्याच्या हातचे काहीच नसेल, तर आपले सारे शाळेच्या बाहेरचे आहे हा धडा ते पहिल्याच वर्षी शिकून जाते. पुढे चौथी-पाचवीत मुले बोलत नाहीत म्हणून आपण तक्रार करतो.

दुसरी गोष्ट उंचीची. बहुतेक सजावट मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असते, कारण ती लावणाऱ्याचे डोळे तिथे असतात. साडेतीन वर्षांचे मूल उभे राहिले तर जेमतेम तीन-सव्वातीन फूट भरते, आणि वर्गात ते बहुतेक वेळ मांडी घालून बसलेले असते. त्याच्या दृष्टीने भिंत जमिनीपासून दीड फुटावर सुरू होते आणि तीन फुटांवर संपते. त्याच्या वरचे सारे साहेबांसाठी. मावशीच्या अंगणवाडीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला सजावट दिसलीच नाही. खाली बसले तेव्हा दिसली.

हा विचार मावशीचा एकटीचा नाही, त्याला मोठी परंपरा आहे. फ्रेडरिक फ्रोबेल (१७८२–१८५२) या जर्मन शिक्षकाने १८४० साली आपल्या शाळेला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग असे नाव दिले. कागदाची घडी घालणे, पट्ट्या विणणे, कातरणे, टोचणे ही कामे त्याने मुलांच्या नित्यक्रमात आणली. मद्रासच्या बाजूच्या टी. सुंदर राव यांनी या बालवर्गातल्या घड्यांच्या चौकोनी कागदांवरूनच स्फूर्ती घेऊन १८९३ साली कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक लिहिले, आणि ते जगभर गेले. पण आपल्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट जवळच आहे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) १८८६ साली अमेरिकेस गेल्या, तेव्हा तेथे त्यांनी फ्रोबेलच्या पद्धतीचा अभ्यास केला. परत आल्यावर १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, आणि पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुली-बायकांना घेऊन त्या केडगावला आल्या. ते केडगाव आपल्या दौंड तालुक्यातले. बालशिक्षणाची नवी पद्धत समजून घेतलेली एवढी मोठी बाई याच तालुक्यात राहिली, वारली, आणि आपण दौंड म्हटले की फक्त जंक्शन सांगतो.

यानंतरचे नाव ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून त्या महाराष्ट्रात आल्या आणि १९४५ साली बोर्डीला त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यावी, ही 'अंगणवाडी'ची कल्पना त्यांची. अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी ते काम १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांमध्ये वाढवले. माँटेसरीबाईंची लाकडी साधने महाग. म्हणून या दोघींनी शंख-शिंपले, बिया, पाने, काटक्या, खडे यांतून साधने उभी केली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच अंगणवाडी नाव मिळाले. नाव आले, पण शंख-शिंपल्यांमागचा विचार नावाबरोबर सगळीकडे पोचलाच असे नाही.

असो. आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

सामान काय लागते ? उन्हाळ्याचा मोठा फायदा हा, की तो लग्नसराईचा काळ. घरोघर पत्रिकांचा ढीग पडतो. जाड, एका बाजूने कोरा, रंगीत, कधी सोनेरी कडेचा, असा कागद विकत घ्यायला गेलो तर परवडणार नाही. इथे तो फुकट मिळतो. वर्तमानपत्रे, दिनदर्शिकेची उलटलेली पाने, वह्यांची पुठ्ठ्याची वेष्टने, जत्रेनंतर उतरवलेल्या पताका हे बाकीचे भांडवल. पतंगाचा पातळ कागद मात्र थोडा विकत आणावा लागतो. आणि एक वस्तू अशी, जी मी कुठल्याही पुस्तकात वाचली नाही : कांद्याचे पापुद्रे. आपल्या दोन्ही तालुक्यांत उन्हाळी कांदा काढला की चाळीशेजारी वाळक्या पापुद्र्यांचे ढीग लागतात. गुलाबी, तांबूस, जांभळट, चुरचुरणारा आणि उजेड पडला की झळकणारा हा देवाघरचा कागदच आहे. मावशीकडची मुले सूर्यासाठी पिवळा कागद शोधीत नाहीत. कांद्याचा पापुद्राच चिकटवतात. संध्याकाळचा सूर्य खरोखर तसा दिसतो.

चिकटवायला खळ. एक वाटी मैदा किंवा कणीक थंड पाण्यात आधी गुठळी न होईल अशी कालवायची, मग एकूण चार-पाच वाट्या पाणी होईल इतके पाणी घालून मंद विस्तवावर ढवळत राहायचे. पांढुरकेपणा जाऊन चकाकी आली की उतरवायची. चिमूटभर तुरटी घातली तर ती जरा टिकते, तरी उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी वास घेऊन पाहावा. चिंचोक्याची खळ याहून चिवट होते. चिंचोके भाजून, टरफल काढून, दळून शिजवायचे. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये चिंच फोडण्याचे काम घरोघर चालते, तेव्हा चिंचोके हवे तेवढे. पुस्तके बांधणारे लोक खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मुलांच्या खळीत मोरचूद अजिबात घालू नये. तो विषारी आहे, आणि या वयात बोट चाटून पाहिल्याशिवाय कुठलेच काम पुरे होत नाही.

कात्रीचा प्रश्न नेहमी येतो. तीन वर्षांच्या मुलाला कात्री नकोच, त्याला फाडू द्यावे. फाडणे हे मोठ्यांना नासधूस वाटते, पण दोन्ही हातांच्या चिमटी विरुद्ध दिशांना वळवणे हे त्या बोटांना अवघड काम आहे. पुढे पेन्सिल धरणारी तीच बोटे. इथे एक गंमत मुलांना आपोआप सापडते : वर्तमानपत्र वरून खाली फाडले तर सरळ पट्टी निघते, आडवे फाडले तर वेडेवाकडे जाते. कागद तयार होताना त्याचे तंतू एका दिशेने लागतात, हे त्याचे कारण. मावशी ते सांगत बसत नाही. ती फक्त म्हणते, "उसाचं पाचट कसं फाटतं, तसं फाडा," आणि मुलांना बरोबर कळते. फाडण्यानंतर चुरगाळणे, मग चिकटवणे, मग घडी, आणि शेवटी पाचव्या वर्षाच्या सुमारास बोथट टोकाची कात्री, असा क्रम ती ठेवते.

चुरगाळण्यासाठी गुलमोहर आणि बहावा ही दोन झाडे जणू मुद्दाम केली आहेत. पतंगाच्या लाल कागदाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून त्यांच्या गोळ्या वळायच्या आणि काटकीच्या फांदीवर दाटीने चिकटवायच्या : झाला गुलमोहर. बहाव्याचे घोस खाली लोंबतात, म्हणून पिवळ्या गोळ्या दोऱ्याला चिकटवून तो दोरा टांगायचा. पळस त्याआधीच, फाल्गुनात. तो मुलांना दाखवून, झाडाखाली पडलेली फुले वेचून आणून मग करावा. बघितल्याशिवाय केलेला पळस आणि गुलमोहर सारखेच होतात. एका चिमुरड्याने गुलमोहराखाली जमिनीवरही लाल गोळ्या चिकटवल्या होत्या. मी म्हटले, "अरे, त्या खाली पडल्या वाटतं ?" तो म्हणाला, "पडत्यात ना !" निरीक्षण माझ्यापेक्षा त्याचे चांगले होते.

कलिंगड सगळ्यांनाच आवडते, आणि ते सोपेही आहे. पत्रिकेचा अर्धगोल, त्यावर लाल कागदाचे फाडलेले तुकडे, कडेने हिरवी पट्टी. बियांसाठी काही ठिकाणी खऱ्या बिया धुऊन वाळवून देतात. दिसतात छान, पण या वयाची मुले बी नाकात, कानात घालतात. म्हणून मावशी काळ्या रंगात बोट बुडवून ठसे द्यायला लावते. ठसे मोजतही येतात. पूर्वी आमच्याकडे नदीच्या वाळूत वाड्या करून कलिंगड-खरबुजे घेत, असे आजी सांगते. आता वाळू गेली आणि कलिंगड शेतात प्लॅस्टिकच्या कागदावर आले. आजीचे ऐकून एका मुलीने कलिंगडाखाली खरी वाळू चिकटवली होती, ती सगळ्या वर्गभर सांडली.

शिरूर तालुक्यात मोराची चिंचोली आहे, हे सर्वांना माहीत आहे. तेव्हा मोर हवाच. कागदाची पंख्यासारखी उलटसुलट घडी घालायची, खालचे टोक बांधायचे, की पिसारा तयार. हीच घडी न चिकटवता हातात धरली तर वारा घ्यायचा पंखा होतो, आणि मुले मोर अर्धवट टाकून एकमेकांना वारा घालू लागतात. तेही चालते. मोराची पिसे पावसाळा संपता संपता गळतात आणि नव्या उन्हाळ्यापर्यंत पिसारा पुन्हा भरतो. म्हणजे आपल्याकडे चैत्र-वैशाखातला मोर पूर्ण पिसाऱ्याचा काढणे हे शास्त्राला धरूनच आहे.

दौंड शहरातल्या, रेल्वेच्या वस्तीत राहणाऱ्या मुलांचा उन्हाळा मात्र फुलापानांचा नाही, गाडीचा आहे. सुटीत पाहुणे गाडीने येतात आणि गाडीने जातात; सोलापूरची गाडी कुठली आणि मनमाडकडे वळणारी कुठली, हे तिथल्या पाच वर्षांच्या मुलाला आपल्याहून चांगले समजते. तिथे पत्रिकांचे डबे करून एकापुढे एक असे लावावेत. एका मुलाचा एक डबा. खिडक्या किती काढायच्या, आत कोण बसवायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. मूल आले की आपला डबा दोरीवर अडकवते, घरी जाताना काढून ठेवते. हजेरीही होते आणि भिंत रोज थोडी वेगळी दिसते.

भिरभिऱ्याची कृती देते, कारण ती बहुतेकांची चुकते. वीतभर लांबी-रुंदीचा चौरस कागद घ्यावा. चारही कोपऱ्यांतून मध्याकडे कापीत यावे, पण मध्य गाठू नये. सुमारे एक-तृतीयांश भाग सोडावा. आता आठ टोके होतात. एक सोडून एक अशी चार टोके मध्यावर आणून टोचावीत. आमच्या लहानपणी बाभळीचा काटा आणि ज्वारीच्या चिपाडाची दांडी असे. काटा टोचण्याचे काम अर्थात मोठ्यानेच करायचे आणि टोक आत दाबून टाकायचे. जाड पत्रिकेचे भिरभिरे फिरत नाही, फार पातळ कागदाचे वाऱ्याने लोळते. वहीच्या वेष्टनाचे उत्तम. जत्रेच्या दिवसांत हे करून दारात ओळीने खोचले, की दुपारचा वारा सुटल्याबरोबर सगळी एकदम फिरतात आणि तेवढा वेळ वर्गात काही शिकवणे शक्य नसते.

ऊन हे स्वतःच रंगकाम करते, हा प्रयोग मला सर्वांत आवडला. गडद निळ्या किंवा लाल रंगाचा स्वस्त टिंटेड कागद घ्यावा. त्यावर पिंपळाचे पान, कात्री, चावी, हाताचा कापलेला आकार, असे काहीही ठेवून वर खडे ठेवावेत आणि अंगणात भर उन्हात सोडावे. स्वस्त रंग उन्हातल्या अतिनील किरणांनी फिका पडतो; झाकलेला भाग तसाच राहतो. दोन-तीन दिवसांनी पान उचलले की खाली पानाची गडद छाया उमटलेली असते. महाग कागदाचा रंग पक्का, त्यावर हे चटकन होत नाही. गरिबीचा असाही एक फायदा. "हे कोणी काढलं ?" असे विचारले की सगळी मुले वर बोट दाखवतात.

कागदाच्या लगद्याचे कामही खरे उन्हाळ्याचेच. रद्दी भिजवायची, कुटायची, भिजवलेली मेथी वाटून त्यात मिसळायची, आणि तो लगदा पालथ्या भांड्यावर थापून वाळवायचा. आपल्या आज्या याच पद्धतीने टोपल्या करीत. मेथीने लगदा चिकट होतो आणि कडवटपणामुळे किडे लागत नाहीत. पावसाळ्यात हेच केले तर बुरशी धरते. एप्रिलच्या उन्हात ते चटकन खडखडीत वाळते. मुले त्याचे वाटीएवढे माठ करतात. अक्षय्यतृतीयेला घरात करा पुजलेला त्यांनी पाहिलेला असतो, म्हणून वेगळे समजवावे लागत नाही.

आणि एक साखळी. दर दिवशी एक कागदी कडे वाढवायचे : कडक ऊन असेल तर पिवळे, वारावावटळ झाली तर तपकिरी, वळीव पडला तर निळे. दीड महिन्याने भिंतीवर त्या वर्षीचा उन्हाळा टांगलेला असतो. गेल्या वर्षीच्या साखळीत निळी कडी मोजकीच होती. एका मुलाच्या वडिलांनी पोराला सोडायला आल्यावर ती मोजली आणि काही न बोलता निघून गेले. बागाईतदार माणूस, कांदा उघड्यावर होता.

आता भिंतीविषयी, म्हणजे लावायचे कसे. चिकटपट्टी उन्हाळ्यात निकामी. पत्रा तापला की तिचा चिकटा वितळतो आणि दुपारी सारी सजावट जमिनीवर येते, किंवा मग निघताना भिंतीचा रंग सोबत घेऊन येते. खळीने थेट भिंतीवर चिकटवले तर पक्के बसते. मावशी पूर्वी तसेच करीत असे. तिने ते का सोडले, ती हकीकत सांगण्याजोगी आहे.

भीमेकाठी ऊस आहे, म्हणून ऊसतोडीच्या टोळ्या आहेत. दिवाळीच्या आगेमागे बीड-नगरकडची कुटुंबे येतात, कोप्या घालून राहतात, आणि त्यांची लहान मुले मावशी अंगणवाडीत बोलावून आणते. त्यांतली एक चार वर्षांची मुलगी कोणाशी बोलत नसे. कागदकामाला बसवले की रंगीत कागद बाजूला सारून ती फक्त वर्तमानपत्र आणि तपकिरी वेष्टनाचा कागद घेई. पंधरा दिवस तिने फाडफाड फाडले आणि एक बैल केला. शिंगे एवढी मोठी, की मान दिसत नव्हती. मग त्याच्यामागे पाचटाचे खरे तुकडे चिकटवून कोपी केली. मावशीने तो बैल भिंतीवर खळीने पक्का लावला. त्या दिवसापासून ती पोरगी त्याच्याखालीच बसू लागली, आणि कोणी विचारले तर बैलाचे नाव सांगू लागली. तिच्या तोंडून आम्ही ऐकलेले ते पहिले शब्द.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला. टोळ्या एका रात्रीत आवरतात. सकाळी तिची आई लसीकरणाचे कार्ड मागायला आली, बाहेर ट्रॅक्टर उभा होता. मुलगी आत धावली आणि बैल ओढू लागली. तो निघेना. मावशीने पाणी लावून, उलथण्याने खरवडून पाहिले. शिंग फाटून हातात आले. ट्रॅक्टरवाला घाई करीत होता. आईने तिला उचलून नेले. मावशी त्यावर मला एवढेच म्हणाली, "जे न्यायला येतं ना, ते चिकटवायचं नाही गं."

तेव्हापासून तिच्याकडे भिंतीला दोन खिळ्यांवर, जमिनीपासून दोन फुटांवर, सुतळी ताणलेली असते आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी सारे काम टांगलेले असते. पाठीमागे एक जुनी सुती साडी लावते, म्हणजे भिंतीचे पोपडे दिसत नाहीत आणि कागद उठून दिसतो. चिमटा दाबणे हाही बोटांना व्यायाम आहे. मुले स्वतः लावतात, स्वतः काढतात, कोणाचे वाकडे, कोणाचे उलटे. टोळीतली मुले जाताना आपले काम बोचक्यात घालून नेतात. गावातल्या मुलांचे काम दर शनिवारी घरी जाते, आणि सोमवारी सुतळी पुन्हा रिकामी.

याची किंमतही मोजावी लागते, ती लपवण्यात अर्थ नाही. पाहणीला येणाऱ्या मंडळींना रिकामी किंवा तिरपी भिंत आवडत नाही. एकदा एका पाहुण्यांनी मुलांनी केलेल्या उन्हाळ्यापुढे उभे राहून "सजावट केव्हा करणार ?" असे विचारले होते. ज्या सेविकांचे मानधन तुटपुंजे, ज्यांच्याकडे पोषण आहारापासून वजनाच्या नोंदींपर्यंत कामांची रांग, त्यांनी मग सुरक्षित मार्ग धरून बाजारातला छापील तक्ता लावला आणि मुलांना 'हात लावू नका' म्हटले, तर त्यांना दोष देणे मला जड जाते. मावशी तडजोड करते. वरच्या अंगाला, मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, फळांचा एक छापील तक्ता आहे. खालचे दीड हात मुलांचे. आलेले लोक वर बघून समाधानाने जातात.

शिरूरच्या बालवर्गातही यंदा थोडा बदल झाला. तिथल्या बाईंना मी भांडून काही सांगितले नाही. फक्त कांद्याच्या पापुद्र्यांची एक पिशवी नेऊन दिली. काळ्या चष्म्याचा सूर्य अजून आहे. त्याच्या खाली मुलांनी पापुद्र्यांचे सात सूर्य लावले आहेत, एकाला मिशा आहेत. समुद्रात कोणीतरी म्हैस सोडली आहे. बाईंनी ती काढली नाही.

आपल्या विद्यार्थी-विद्यार्थिनींपैकी कोणाला हे करून पाहायचे असेल तर राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात ते सहज बसेल. दहा-बारा मुले, दोन तास, एक पातेले खळ, आणि भरपूर पत्रिका. मुलांच्या कामावर आपला हात फिरवून ते 'सुधारू' नये, एवढे एकच पथ्य. पत्रिका देताना त्यावर देवाचे चित्र असेल तर ते आधी कापून वेगळे ठेवावे, नाहीतर फाडताना घरच्या आज्या रागावतात, आणि त्यांचे बरोबरच आहे. स्टेपलरच्या पिना वापरू नयेत. खाली पडतात आणि अनवाणी पायांना लागतात.

मृग लागायच्या आत सारे उतरवावे. दमट हवा सुटली की खळीला बुरशी येते आणि झुरळे कागद कुरतडतात. घरी गेले नाही ते कागद भिजवून पुन्हा लगदा करता येतो. पण तो मेच्या अखेरीस, ऊन आहे तोवरच थापून घ्यावा. यंदाच्या लगद्याचे मावशीने चिमटे ठेवायचे वाडगे केले आहे. त्यात अजून निळ्या कागदाचा एक ठिपका दिसतो.